चौतीस, उत्तर द्या

लॉर्ना हापालाच्या स्वयंपाकघरातला, बंबाचं रेडिओवरचं बोलणं ऐकवणारा जुना स्कॅनर फेब्रुवारीतल्या एका सोमवारी मुका झाला. बुधवारी सकाळी ती त्याला टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या पोराला दवाखान्यात न्यावं तशी, ऑर्व्हिल नेमीच्या दुकानात घेऊन गेली. हवा तोवर बरी होती. तलावाच्या अंगाला आभाळ थोडं शिशाच्या रंगाचं झालं होतं, पण आमच्याकडे फेब्रुवारीत आभाळ त्याच रंगाचं असतं, त्याचं कुणी मनावर घेत नाही.

स्कॅनर नसलेलं घर आमच्या भागात शोधून सापडायचं नाही. कुणाच्या धुराड्याला आग लागली, कुणाची गाडी चरात गेली, कुणाच्या छातीत कळ आली, हे सगळं आधी स्कॅनरवर येतं आणि मग चर्चच्या तळघरातल्या कॉफीबरोबर फिरतं. आगीच्या बंबावर जाणारी माणसं पगारी नाहीत. एक बेकरीवाला, एक शाळेची बस चालवणारा, दोघे-तिघे रस्त्यावरचा बर्फ काढणारे. कमरेचा पेजर वाजला की हातातलं टाकून धावायचं, एवढंच त्यांना ठाऊक. आणि त्यांच्या घरची माणसं मागे स्कॅनरपाशी बसतात. फोन करायचा नाही, कुणाला विचारायचं नाही, 'सगळे परत निघाले' हे शब्द येईपर्यंत नुसतं ऐकायचं. लॉर्नाने जन्मभर नवऱ्यासाठी हे केलं होतं. आता मुलीसाठी करत होती, आणि दोन दिवस तेही बंद पडल्यामुळे तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

ऑर्व्हिलने टॉवेल उलगडला, डब्याच्या पाठीवर थाप मारली, कुठलीशी तार लावून काटा हलतो का पाहिलं.

"गेला का रे?" लॉर्नाने विचारलं.

"ठणठणीत आहे. तुझ्यामाझ्यापेक्षा बरा. बिघाड याच्यात नाही, काउंटीच याला सोडून गेली."

"नीट सांग."

"नीटच सांगतोय. सोमवारपासून बंब, रुग्णवाहिका, सगळे नव्या पद्धतीने बोलतात. हा बिचारा जुन्या वाटेला कान लावून बसलाय, आणि त्या वाटेने आता कुणी जातच नाही. पेपरात आलं होतं. वाचतेस कुठे!"

"पेपरात मी कोण गेलं तेवढं बघते."

"मग हाही गेला असं समज," ऑर्व्हिल म्हणाला आणि शिडी ओढून वरच्या फळीवरची खोकी काढायला लागला. शाळेत तो तिच्या मागच्या बाकावर बसायचा आणि तेव्हापासून तिला चिडवण्याचा ठेका त्याच्याकडेच होता.

त्याने तीन यंत्रं काउंटरवर मांडली. पहिलं लहानसं, तळहातात मावणारं. "हे स्वस्त. लोक येतात, किंमत बघतात आणि हेच उचलतात. घरी नेल्यावर कळतं की यावर विमानं ऐकू येतात, हवामान ऐकू येतं, बर्फ काढणाऱ्यांच्या शिव्या तर फार छान ऐकू येतात. बंब मात्र नाही. मग परत येऊन माझ्या नावाने ओरडतात. म्हणून मी आधी विचारतो, बाबा रे, तुझी काउंटी कशावर बोलते? ते ठरलं की यंत्र आपोआप ठरतं."

"आणि हे?"

"हे मधलं. नवी भाषा कळते याला. पण आपल्याकडे रेडिओचे मनोरे दोन. एकच शब्द दोघांकडून येतो, एकाचा एक क्षण आधी, दुसऱ्याचा एक क्षण नंतर. हे गोंधळतं आणि मधलं वाक्य खाऊन टाकतं. तुझं घर पडतं टेकडीच्या पलीकडे. तिथे तर चारातला एक शब्द गळणारच."

"एकही शब्द गळलेला चालणार नाही मला."

"पोलिसांचे तर सगळेच गळतील. त्यांनी कुलूप लावलंय. मोटारीएवढ्या किमतीचं यंत्र घेतलंस तरी त्यांचं एक अक्षर ऐकू यायचं नाही."

"पोलिसांचं काय करायचंय मला! मला बंब हवाय. कर्स्टन आत गेली आणि कर्स्टन बाहेर आली, एवढं ऐकू आलं पाहिजे."

ऑर्व्हिलने यावर चेष्टा केली नाही. तिसरं यंत्र पुढे सरकवलं. ते टेबलावर ठेवायचं होतं, काळं, जड, वीज गेली तर चालायला आत बॅटरी. त्याने तिच्या गावाचा पिनकोड घातला आणि यंत्राने काउंटीच्या रेडिओचे सगळे मार्ग स्वतःच शोधून भरून घेतले. पडद्यावर आकडे झरझर धावले. मग एकदम, शेजारी उभं राहून बोलावं इतक्या स्वच्छपणे, नियंत्रण कक्षातल्या मार्लीसचा आवाज आला. ती कुठल्याशा रुग्णवाहिकेला सांगत होती की, पुलापाशी जपून, रस्ता काचेसारखा झालाय. मार्लीस वीसेक वर्षं त्या खुर्चीवर बसत होती. तिचा आवाज काउंटीतल्या कुत्र्यांनासुद्धा ओळखू येत असेल.

"हेच दे," लॉर्ना म्हणाली.

"थांब जरा. हे जरा जास्तच ऐकतं," ऑर्व्हिल कान खाजवत म्हणाला. "म्हणजे चांगलंच आहे तसं. पण दोघांनी आणून परत दिलंय. विचारलं, काय झालं? तर म्हणे, बायकोला झोप येत नाही. दुसरा काही बोललाच नाही."

"तुझ्या गिऱ्हाइकांना तसंही काही धड सांगता येत नाही." तिने यंत्र उलटंपालटं करून पाहिलं. "बोलायचं बटण कुठे आहे याला?"

ऑर्व्हिल हसला. "हे स्कॅनर आहेत, लॉर्ना. नुसते कान. तोंड एकालाही नाही. शाळेपासून तुला जे जमलं नाही ते यांना जमतं."

लॉर्नाने जुना डबा त्याच्याच गळ्यात मारला आणि नवं यंत्र घेऊन घरी आली.

*

घरी तिने ते ओट्याच्या टोकाला, खिडकीशी ठेवलं, म्हणजे कणीक मळतानाही कान तिकडे राहील. कर्स्टन जेवायला येणार होती. घटस्फोटानंतर ती आईकडेच राहायला आली होती आणि काउंटीच्या गॅरेजात बर्फाच्या गाड्या दुरुस्त करायची. कणकेच्या पाऱ्यांमध्ये मटण, बटाटा आणि रुटाबागाचा कंद भरून लॉर्नाने पास्ट्या मुडपल्या आणि भट्टीत सारल्या. घरात कांद्याचा आणि मिऱ्याचा वास भरला. स्कॅनरवर मार्लीस अधूनमधून बोलत होती. दोन दिवसांनी पहिल्यांदा लॉर्नाला बरं वाटलं.

आणि मग तो आवाज आला.

तो मार्लीसचाच होता, पण सावकाश, एकेक शब्द हातात धरून ठेवत असल्यासारखा. "चौतीस," तो म्हणाला. "चौतीस, उत्तर द्या."

मागे खरखर नाही, वारा नाही, काही नाही. मग पुन्हा. "चौतीस. दुसरी हाक. उत्तर द्या…"

लॉर्नाच्या हातातलं फडकं खाली पडलं. हा सूर तिने आयुष्यात एकदाच ऐकला होता, तलावाकाठच्या दफनभूमीत. बंबावरचं माणूस गेलं की त्याला शेवटची हाक देण्याची आमच्याकडे रीत आहे. सगळे बंब ओळीने उभे करतात, कर्णे लावतात आणि नियंत्रण कक्षातून त्याच्या नंबराने तीनदा हाक मारतात. तीनदा कुणी उत्तर देत नाही. देऊ नये. त्या मधल्या शांततेत माणसं श्वाससुद्धा रोखून धरतात, पोरांच्या तोंडावर हात ठेवतात. मग सांगतात की, याचं काम संपलं, हा घरी गेला, आणि हा नंबर आता कुणालाही दिला जाणार नाही.

तिच्या नवऱ्याचा, एव्हरेट हापालाचा नंबर चौतीस होता. पातळ झालेल्या बर्फावरून एका पोराला ओढून काढताना तो स्वतः खाली गेला. मार्लीसने त्याला हाक मारली, आणि लॉर्ना त्या तीन हाका अजून झोपेत ऐकायची.

नंबर तिथेच मिटायचा. पण वर्षभराने कर्स्टन बंबावर गेली आणि हट्टाला पेटली, मला बाबांचाच नंबर हवा. म्हातारे कुरकुरले, बंद केलेला नंबर उघडू नये म्हणाले. लॉर्नालाही ते पटलं नव्हतं. पण पोरीच्या डोळ्यांत पाणी बघून बंबाचा प्रमुख ग्लेन विरघळला, आणि लॉर्नाने तोंड मिटून घेतलं. तेव्हापासून कर्स्टन चौतीस झाली.

तिसरी हाक आलीच नाही. यंत्र खाकरलं, आणि मार्लीस नेहमीच्या घाईच्या आवाजात कुणाला तरी सांगू लागली की, दुधाची गाडी घसरलीय, पण ड्रायव्हर ठीक आहे.

लॉर्नाने ऑर्व्हिलला फोन लावला.

"अगं, दुसऱ्या कुठल्या काउंटीत मयत असेल," तो म्हणाला. "नव्या पद्धतीत अख्खं राज्य एकाला एक जोडलंय. चौतीस नंबर काय तुमच्या घराण्याचा एकट्याचा आहे?"

"आवाज मार्लीसचा होता."

"नियंत्रण कक्षातल्या सगळ्या बायका अशाच बोलतात. नाकातून." मग म्हणाला, "नको असेल तर आणून दे परत. मी काही बोलणार नाही."

तिने नको म्हटलं. एकही शब्द गळू नये म्हणून आपणच घेतलं आणि आता ऐकायला घाबरतोय, याची तिला लाज वाटली.

*

कर्स्टन आली तेव्हा वारा उठला होता. तिने बूट आपटून बर्फ झाडला, भट्टीत डोकावली आणि नव्या यंत्राला सलाम ठोकला. "हा पाहुणा कोण? चांगला जाडजूड आहे की."

"बस आधी. गरम आहे तोवर खा."

"चेहरा का असा? ऑर्व्हिलने मागणी घातली की काय?"

लॉर्नाने सांगितलं. सांगताना तिच्या लक्षात आलं की शब्दांत ते अगदीच फुसकं वाटतंय. कर्स्टनने पास्टीचा मोठा घास तोडला, तोंडाने वाफ सोडली आणि ऑर्व्हिलसारखंच म्हणाली, दुसऱ्या कुठल्या गावची असेल.

"दोनच हाका मारल्या. तिसरी मारली नाही."

"मग चांगलंय ना! म्हणजे तो उठून बसला असेल पेटीत."

"कर्स्टन!"

"बरं, नाही बोलत." तिने आईच्या हातावर हात ठेवला. तळहात गॅरेजातल्या तेलाने काळा झाला होता. "आई, तू ते नको ऐकत जाऊ. खरंच. मी आत गेले की मला वाटत राहतं, ही तिकडे बसलीय."

लॉर्ना उत्तर देणार तेवढ्यात कर्स्टनच्या कमरेचा पेजर वाजला, आणि त्याच क्षणी ओट्यावरचं यंत्रही बोललं. आरागिरणीत आग. लाकूड वाळवायची शेड. आत माणसं असतील-नसतील, माहीत नाही.

कर्स्टन उठली. लॉर्ना दारात जाऊन उभी राहिली.

"आज नको जाऊ."

"आई, बाजूला हो."

"एक दिवस नाही गेलीस तर काय होतं? आहेत की बाकीचे. सांग, बरं नाही म्हणून."

"बाबांना असं अडवलं होतंस कधी?"

हे लागलं. लॉर्नाने एव्हरेटला कधीच अडवलं नव्हतं, आणि त्या एका गोष्टीसाठी तिने स्वतःला कधी माफ केलं नव्हतं. तिचा हात चौकटीवरून आपोआप खाली आला. कर्स्टनने तिच्या गालाला गाल लावला, "राहिलेली पास्टी माझी, हात लावायचा नाही," म्हणाली आणि धावली. गाडी फाटकातून वळताना दिसली, आणि मग दिसेनाशी झाली. तलावावरून बर्फ आडवा यायला लागला होता.

*

दुपारच त्या पांढऱ्यात बुडाली. अंधार बरा, दिवा लावता येतो. हे पांढरं कशानेच हटत नाही. खिडकीबाहेर कुंपण नव्हतं, झाड नव्हतं, शेजाऱ्याचं घर नव्हतं. काचेला कान लावला तर वाऱ्याखाली एक बारीक सळसळ ऐकू येत होती, भिंतीला कुणी वाळू चोळत असल्यासारखी. वीज एकदा गेली, आली, पुन्हा गेली. घर तापवणारा पंखा, फ्रिज, सगळं शांत झालं. स्कॅनर तेवढा आपल्या बॅटरीवर चालू राहिला, आणि त्याचा हिरवा पडदा भिंतीवर उजेड टाकत राहिला.

लॉर्ना त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसली होती. ऑर्व्हिल खोटं बोलला नव्हता. एकही शब्द गळत नव्हता. पाण्याच्या नळ्या गोठल्याचं ऐकू आलं. ग्लेन कुणावर तरी ओरडला. कर्स्टनचा आवाज एकदा आला, धापा टाकत, "चौतीस, मागच्या दारातून आत जातेय," आणि लॉर्नाने दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरली.

मग एक आवाज झाला, जड, लांबट, जणू कुणी गाडीभर ओंडके एकदम ओतले. कुणाचा तरी रेडिओ चालू राहिला असावा. त्यातून माणसं खोकताना ऐकू आली.

"हजेरी!" ग्लेन ओरडला. "छप्पर बसलं… सगळ्यांनी आवाज द्या. एकतीस?"

"आहे."

"तेहेतीस?"

"आहे… बाहेर आहे."

"चौतीस?"

काही नाही.

"चौतीस? कर्स्टन?"

लॉर्नाचे ओठ हलत होते. बोल बाई, ती म्हणत होती. बोल. बोल. ग्लेनचा आवाज थांबला, आणि यंत्रातली ती नेहमीची बारीक खरखरही थांबली. इतकी शांतता तिने एकाच ठिकाणी ऐकली होती. पुढे काय येणार ते तिला कळलं.

"चौतीस," तो सावकाश आवाज म्हणाला. "तिसरी आणि शेवटची हाक…"

मग तो थांबला. त्या थांबण्यात वाट पाहणं नव्हतं. दार लावण्यापूर्वी माणूस कडीवर हात ठेवून क्षणभर थांबतो, तेवढाच तो वेळ होता.

तिसऱ्या हाकेला उत्तर देऊ नये, हे आमच्याकडे पोरांनाही कळतं. लॉर्नाला तर अंगावरच्या जखमेसारखं ठाऊक होतं. पण ती आई होती, आणि तिच्या जिवंत मुलीचं नाव कुणीतरी मिटवत होतं. तिने ते जड यंत्र दोन्ही हातांनी उचललं आणि तोंडाशी धरून किंचाळली.

"आहे! चौतीस इथे आहे! घरी आहे… माझ्याजवळ आहे!"

हिरवा पडदा एकदा मिटला आणि पुन्हा उजळला.

"ऐकलं," आवाज म्हणाला. "चौतीस घरी."

लॉर्नाने यंत्र खाली ठेवलं. या यंत्राला तोंड नाही, हे तिला आठवलं. मग बाकीचे आवाज परत आले, वारा, खोकला, इंजिनाची धडधड.

"मार्लीस," ग्लेन म्हणत होता, "चौतीसने आवाज दिला आत्ता. तू ऐकलास ना?"

"ऐकला," मार्लीस म्हणाली. ही खरी मार्लीस होती, घाईची.

"देवाची कृपा. म्हणजे सगळे सुखरूप. कुणी आत जायचं नाही आता. बाहेरूनच पाणी मारा."

लॉर्नाला रडू फुटलं. सुखरूप, ग्लेन म्हणाला होता. ती हसत होती आणि रडत होती. तेवढ्यात तिला कळलं की ग्लेनने कुणाचा आवाज ऐकला, आणि तो ऐकून त्याने काय थांबवलं. हसू तोंडावरच गोठलं. आता कर्स्टनला शोधायला कुणीही आत जाणार नव्हतं.

तिने भिंतीवरचा फोन ओढला. बंबाच्या घरच्या माणसांनी फोन करायचा नसतो. तिने केला.

"मार्लीस… मी लॉर्ना. ते मी बोलले. कर्स्टन नव्हती ती."

"लॉर्ना, आत्ता नाही गं. लाइन मोकळी ठेव."

"मी बोलले! स्कॅनरसमोर ओरडले मी… त्यांना सांग, आत बघा. पाया पडते तुझ्या."

"स्कॅनरवर बोलता येतं का कुणाला? तू घाबरलीयस. मी कर्स्टनचा आवाज ओळखत नाही होय? तिचाच होता. स्वच्छ म्हणाली, चौतीस इथे आहे, घरी…" मार्लीस बोलता बोलता थांबली. फोनमध्ये तिचा श्वास ऐकू येत होता. "घरी का म्हणाली ती?"

पलीकडे फोन आपटला, आणि लगेच ओट्यावरून मार्लीसचा आवाज आला. "ग्लेन, चौतीस डोळ्यांनी दिसली का कुणाला?"

"…नाही."

"मग परत मोजा. माणसं आत पाठव, ग्लेन."

कुणीतरी शिवी दिली. करवत सुरू झाल्याचा आवाज आला. लॉर्ना जमिनीवर बसली, पाठ ओट्याला लावून, आणि लहानपणी शिकवलेली प्रार्थना म्हणायला लागली. मधले शब्द विसरत होती आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती. किती वेळ गेला, तिला कळलं नाही. यंत्रातून करवतीचा आवाज येत होता, मधेच थांबत होता. कुणीतरी "कर्स्टन!" अशी हाक मारत होतं, आणि मग सगळे गप्प राहून ऐकत होते.

मागचं दार उघडलं.

"आई, आले गं."

दारात कर्स्टन उभी होती. अंगावर बंबाचा कोट, खांद्यांवर बर्फाचा थर. लॉर्ना कशी उठली, कशी धावली, तिचं तिला ठाऊक नाही. तिने पोरीला मिठीत घेतलं, तिच्या पाठीवरून, डोक्यावरून, तोंडावरून हात फिरवला. सगळी जागच्या जागी होती. जगात लॉर्नाला एवढंच हवं होतं, आणि ते मिळालं होतं. इतका आनंद तिला कर्स्टनच्या जन्माच्या दिवशीही झाला नव्हता.

"गाडीचा आवाज नाही आला तुझ्या," ती म्हणाली.

"या वाऱ्यात कुठला येणार!"

"अगं, तिकडे शोधतायत तुला! करवती लावल्यात. आधी ग्लेनला कळव."

"कळवते की," कर्स्टन म्हणाली, पण फोनकडे गेली नाही. येऊन टेबलाशी बसली आणि अर्धी राहिलेली ताटली जवळ ओढली. "भूक लागलीय."

"थांब, गरम करून देते. गॅस आहे."

"नको… गरम नको."

लॉर्ना तिच्या शेजारी उभी राहून तिचे केस मागे सारत राहिली. आगीवरून आल्यावर कर्स्टनच्या केसांना चार-चार दिवस धुराचा वास यायचा. धुऊनही जायचा नाही. उशीला लागायचा. आज केसांना धुराचा वास नव्हता. तलावावर मासे धरायला बर्फाला भोक पाडलं की खालून एक वास वर येतो, काळ्या पाण्याचा आणि लोखंडाचा, तो येत होता. लॉर्नाचा हात केसांतच थांबला. मग तिने तो पुन्हा फिरवायला सुरुवात केली. थंडीत फिरून आलीय पोर, ती मनाशी म्हणाली, येणारच वास.

ओट्यावर करवत थांबली.

"मार्लीस…" ग्लेनचा आवाज बसला होता. "मागच्या भिंतीशी खाली कुणीतरी आहे. बूट दिसतोय."

"चौतीस का?"

"तोंड दिसत नाही अजून. तुळई उचलतोय… लॉर्नाला एवढ्यात काही सांगू नका."

कर्स्टन शांतपणे घास चावत होती. तिच्या खांद्यावरचा बर्फ घरातल्या उबेत येऊनही तसाच होता. लॉर्नाने तिच्या डोक्यावरचा हात काढला नाही. दुसरा हात लांब करून तिने यंत्राचं बटण चाचपलं. तिला आता काही ऐकायचं नव्हतं. बंद केलं की झालं. पोर घरी आली होती, जेवत होती, यापुढे कुणाला काय सापडतं याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

थंडगार बोटांनी तिचं मनगट धरलं. अगदी हळू, प्रेमाने.

"राहू दे ना, आई," कर्स्टन म्हणाली. "मी सापडते का… ऐकू या."

आणि तिने आपली खुर्ची यंत्रापाशी सरकवून आईला बसायला शेजारी जागा केली.